पनामाच्या अलीकडचे काका

पनामाचा कालवा खणायला जी काय हजारो माणसं लागली असतील, त्यांनी तो एकदाच खणला. आमच्या काकांनी तो सोलापुरात बसून जन्मभर खणला. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मूळचे मंगळवेढ्याचे, नोकरी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात. परदेशी जाणाऱ्या खोक्यांवर गावांची नावं घालायची, हे काम. एकदा पनामाहून एक गिऱ्हाईक माल बघायला आलं. काकांनी त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घालून डोळ्यांतून पाणी काढलं, आणि जाताना त्यानं, उपकार म्हणून की सूड म्हणून कोण जाणे, एक कॅसेट काकांच्या हातावर ठेवली. तिच्यात रेगे या जमैकाच्या ठेक्यावर बांधलेली त्यांच्याकडची स्पॅनिश गाणी होती. पुढं यातूनच जे झालं त्याला जग रेगेटन म्हणू लागलं, आणि आमच्याकडं जे झालं त्याला मावशी खूळ म्हणू लागली. टॉवेल तिकडं गेले ते केव्हाच विरून पायपुसणी झाले असतील. गाणी इकडं आली ती काकांच्या अंगात शिरली ती शिरलीच.

आता नुसतं ऐकून गप्प बसतील तर ते काका कसले. हे संगीत जन्मलं कुठं, पसरलं कसं, याची अख्खी कथा त्यांनी कुठून कुठून जमवली होती, आणि ती कुणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवावी, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात धरली. त्याला वेळकाळ नव्हता. घरातल्या एका बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकली, तोवर इकडं काकांनी शेजारच्या पाहुण्यांसाठी जमैकाची माणसं कालवा खणायला बोटीत बसवून पनामाला उतरवलीसुद्धा होती. सत्यनारायणाला गुरुजी दम खायला थांबले की काका आपला अध्याय मध्ये घुसवायचे. एका वरातीत तर ते थेट डीजेच्या गाडीवर चढले आणि वाजवणाऱ्याला म्हणाले, "ह्यो ठेका तुजा न्हाय, जमैकाचा हाय. कुटनं कुटं आलाय ऐक की जरा." त्या बिचाऱ्यानं शांतपणे आवाज वाढवला. काका पुढच्या चौकापर्यंत गाडीवर उभं राहून ओठ हलवत होते, आणि नवरीकडच्यांना वाटलं, कुणीतरी मोठे शास्त्रीबुवा आशीर्वाद देतायत.

गंमत म्हणजे ही कथा पनामाच्या पुढं कधी सरकलीच नाही. कालवा खणून झाला, मजूर तिथंच राहिले, त्यांची नातवंडं जन्मली, काकांनी पुढचं सांगायला श्वास घेतला, की स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज यायचाच, "अहो, पनामा झालं असंल तर दळण आणा की." दळण नसलं तर गॅस, गॅस नसला तर पाणी भरायचं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, पण काका पनामाला पोचले की हमखास यायचं. आम्ही भाचरं हसून लोळायचो. कधीकधी मात्र मला मावशीचा रागच यायचा. बाईनं एकदा तरी माणसाला पुरतं बोलू द्यावं. काकांची तक्रार नसायची. उजव्या हातात दळणाचा डबा धरून, डाव्या हातानं त्यावर धुम-चक-धु-चक वाजवत ते गिरणीत जायचे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बघायला येणारे मोसंबी ठेवायचे, पंख्याकडं बघत बसायचे, निघायचे. त्यांना सगळं समजतंय, बोलत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोलायचं काय, ते सुचेना, म्हणून मी त्यांचीच कथा काढली. जमैकाची माणसं आणली, कालवा खणला, नातवंडं जन्माला घातली, आणि अडकलो. पुढचं मला माहीतच नव्हतं. काका टक लावून बघत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी खाटेपाशी शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता तिनं कथा उचलली. नातवंडांनी आज्यांच्या देशातली रेगे स्पॅनिशमध्ये गायली. त्या कॅसेटी न्यूयॉर्कला गेल्या, प्वेर्तो रिकोला गेल्या. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी घरीच गाणी भरली, हातोहात वाटली. पोलिसांनी दुकानांतनं कॅसेटी उचलून नेल्या, भल्या घरच्यांनी नाकं मुरडली, आणि मग त्याच भल्या घरची पोरं लग्नांत त्याच ठेक्यावर नाचली. "आन् आता आपल्या वरातीत बी त्योच वाजतोय," एवढं बोलून तिनं टरफलं गोळा केली. काकांचा डावा हात खाटेच्या कडेवर वाजत होता.

मी म्हटलं, मावशी, तू तर त्यांना पनामाच्या पुढं कधी जाऊच दिलं नाहीस.

"दळण घिऊन आले की भाकऱ्या करताना माज्यापाशी बसायचे, पुढचं मला सांगायचे," ती म्हणाली. "समदं चारचौघांत सांगून टाकलं असतं, तर मला काय उरलं असतं?"

काकांचा हात थांबला. मग त्यांनी तो सावकाश उचलून तिच्या शेंगांच्या सुपात ठेवला.

आता येईल त्याला मावशी ती कथा शेवटपर्यंत सांगते. कुणी उठत नाही. काका ठेका धरतात, तिचं एखादं गाव चुकलं की भुवई चढवतात. चांगलं चाललंय, नाही असं नाही. पण मला आपलं वाटत राहतं, की भरल्या घरात काकांनी एकदा तोंड उघडावं, धापा टाकत का होईना पनामापर्यंत यावं, आणि आतून मावशीनं दळणासाठी हाक मारावी.