नावं ठेवून घालवलेली गाडी

"टाकीला हात कुणी लावला? सांगा की, कुणी लावला हात?"

मी ओरडत होतो. कबनूरला, दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या मोटरसायकलपुढं उभा राहून. आणि आवाज असा लागला होता की पलीकडच्या शेडमधले चोवीस यंत्रमाग जागच्या जागी थांबले. माझ्याबरोबर आलेला दोस्त म्हणतो, तेव्हा लाईट गेली होती. म्हणू दे.

समोर चाचा उभे होते. गाडी त्यांची. सत्तरी ओलांडलेला माणूस, सगळा जन्म मागांची दुरुस्ती करण्यात गेलेला, खिशात अजून पाना. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि सांगितलं, "मीच लावला. दोन कोट मारल्यात. तिसरा पायजे तर मारू, डब्यात हाय अजून."

टाकी हिरवी झाली होती. हिरवी म्हणजे कुठली, तर मागाच्या लोखंडी सांगाड्याला फासतात ती.

"वीस वर्षं उडत न्हाय," चाचा म्हणाले.

उडत न्हाय म्हणे! अहो, मीच उडायच्या बेतात होतो. हा संताप कुणाला समजायचा असेल तर त्यानं माझ्याबरोबर दीड महिना मागं यावं.

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा नाद असलेली काही मंडळी आहेत. रविवारी सकाळी शाहूपुरीतल्या एका गॅरेजपुढं जमायचं आणि मिसळ येईपर्यंत एकमेकांच्या कार्बोरेटरची निंदा करायची, हा त्यांचा धर्म. मी त्यांच्यात वीस वर्षं आहे. या वीस वर्षांत इतक्या गाड्या घेतल्या आणि विकल्या की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा फटफटीच्या आवाजावरून मॉडेल ओळखतात. पण माझ्याकडं आली ती प्रत्येक गाडी कुणीतरी रंगवलेली, कुणीतरी घासलेली, कुणाच्या तरी मेव्हण्यानं सुधारलेली होती. मला एकच हवी होती, कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी, कुणाचाही हात न लागलेली. रंग काय, दहा वेळा देता येतो. पण कारखान्यातला पहिला रंग एकदाच असतो. तो गेला की गेला.

अशी एक कबनूरला आहे, पण मालकाचं विकायचं अजून नक्की नाही, असं कळलं म्हणून दोस्ताला घेऊन गेलो. चाचांनी गोणपाट बाजूला केलं आणि ती दिसली. दोन सायलेन्सरची टू-स्ट्रोक. टाकी मरून रंगाची, आणि तिच्यावर कारखान्यातल्या कुणा कारागिरानं ब्रश धरून हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा. ऊन खाऊन रंग मऊ झाला होता, पण होता! सीट मूळची. सायलेन्सर मूळचे, ज्यांच्या एका जोडीसाठी बंगळूरची माणसं सख्खा भाऊ गहाण ठेवतील. मला घाम फुटला. दोस्तानं पाठीत चिमटा काढला. त्याचा अर्थ, तोंड सांभाळ.

कारण या धंद्याची एक रीत आहे. गाडी बघायला गेलं की नावं ठेवायची. आवडली तर जास्त ठेवायची. जीवच जडला तर इतकी ठेवायची की मालकाला वाटलं पाहिजे, आपण इतकी वर्षं घरात नाग पाळला होता. मालकानंही मग मुकाट्यानं आपलं काम करायचं असतं, म्हणजे उलट खोटं बोलायचं असतं. "डॉक्टरांनी वापरलेली गाडी हाय," हे पहिलं. जिल्ह्यात आजवर मला दाखवलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांनीच वापरलेली होती. त्या मानानं पूर्वी इथं पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त असणार, आणि ते कुणाची नाडी न बघता दिवसभर गाड्याच पुसत बसत असणार. तर असं दोन्ही बाजूंनी मनसोक्त खोटं बोलून झालं की मध्ये कुठंतरी सौदा जमतो. याला फसवणूक म्हणत नाहीत. आहेर कमी आला तरी 'छान आहे' म्हणतात ना, तसलाच हा एक शिष्टाचार.

म्हणून मी हात मागं बांधून गाडीभोवती एक फेरी मारली, आणि सुरुवात केली.

"रंग पार गेलाय, चाचा."

"व्हय?"

"टाकी आतनं सडल्याबिगर रंग असा जात न्हाय."

"आसं व्हय?"

"सायलेन्सर तर संपलेच. हे काढून टाकल्याबिगर रस्त्यावर आणू नका. आणि ही सीट! हिच्यावर इचलकरंजीपर्यंत जरी गेलासा तरी मणका खिशात घालून परत यावं लागंल."

"मग?"

माणूस एवढ्या आदरानं ऐकायला लागला की माझ्या जिभेला धार चढते. "आणि खरं सांगू? चेसी वाकलीय."

चाचा खाली वाकले. एक डोळा मिटून त्यांनी गाडीचा सांगाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. "मला तर सरळ दिसत्या."

"डोळ्याला दिसत न्हाय, त्योच तर धोका! ही गाडी गगनबावड्याच्या घाटात घाला. सायलेन्सर कोकणात, टाकी दरीत, आन तुम्ही दवाखान्यात."

आता इथं माणसानं चिडायला हवं होतं. डॉक्टर काढायला हवा होता. चाचांनी पेन्सिल काढली, भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर काहीतरी लिहीत बसले. मला वाटलं, भाव काढतायत. मी माझा भाव सांगितला, पडेल असाच, आणि उठलो. कारण रीतीचा दुसरा भाग असा की पहिल्या भेटीत गाडी घ्यायची नाही. मालकाला मुरू द्यायचं. लोणचं आणि मालक, दोन्ही दीड महिन्यात मुरतात.

त्या दीड महिन्यात मी माझी चांगली पळती गाडी विकली. आमच्या घरचा कायदा आहे, एक आत येणार असेल तर आधी एक बाहेर. बायकोनं तो कायदा गॅसच्या शेगडीपुढं उभं राहून केला, त्यामुळं त्यात दुरुस्ती होत नाही. शाहूपुरीत मी सगळ्यांना सांगून ठेवलं की आता येतीय ती बघा आणि मग आपापल्या गाड्यांवर गोणपाट टाका.

आणि आलो तर टाकी हिरवी.

नुसती टाकी असती तर मी तिथंच बसून पोटभर रडलो असतो आणि गप्प झालो असतो. पण सीट! रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्या माणसाकडून लाल रेक्झिनची नवी सीट आली होती, खाली सोनेरी झालर, वर पितळी बटणं. लग्नातल्या नवरदेवाच्या खुर्चीलाही एवढा थाट नसतो. मधल्या दांड्याला जाडजूड लोखंडी पट्टी वेल्डिंग करून बसवलेली. आणि सायलेन्सरच्या जागी दोन नवी चकचकीत नळकांडी.

"जुने सायलेन्सर कुठं हायत?" मी विचारलं.

"भंगारवाल्याला दिले," दारातनं चाची म्हणाल्या. "चांगला माणूस हाय. दोन बादल्या दिल्यान बदल्यात."

दारात दोन निळ्या प्लास्टिकच्या बादल्या होत्या. एकीत कपडे भिजत होते.

"चाची, त्या बादल्या न्हवत्या, माझं काळीज होतं!"

"मग एक न्हेतासा का?" चाचींनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, हे जास्त लागलं.

मी चाचांकडं वळलो. "अहो, पण हे सगळं करायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

चाचांनी खिशातनं कॅलेंडरचं पान काढलं. रंग, टाकी, सायलेन्सर, सीट, चेसी. एकेका शब्दापुढं बरोबरची खूण. "तुम्हीच की. तुम्ही शिकल्याली माणसं, कोल्हापूरची. म्हटलं, माणूस मरंल असं म्हणाल्यात, तर मरणाची गाडी तुमच्या गळ्यात कशी मारू? अल्लाला काय सांगू? चेसी मला सरळच दिसत होती, दोरी लावून बघितली तरी सरळ. पण तुम्हाला वाकडी दिसली म्हटल्यावर पट्टी मारली. भाव त्योच, तुम्ही सांगितलेला. वर एक पैसा नको."

लबाड माणसाशी मी तीन दिवस भांडू शकतो, उपाशीपोटी. पण प्रामाणिक माणूस हा या धंद्यातला मोठा अडथळा आहे. मी खोटं बोललो ते रीतीप्रमाणं. ते खरं मानायचा अधिकार याला दिला कुणी? वीस वर्षांत माझ्यावर एकानंही विश्वास ठेवला नव्हता, आणि ठेवला तो नेमका या गाडीच्या वेळी! माझ्या दृष्टीनं हा विश्वासघातच होता.

दोस्त हळूच म्हणाला, "इंजिनाला नावं ठिवायची ऱ्हायली होती बघ तुझी."

खरंच राहिली होती. म्हणून इंजिन वाचलं होतं. चाचांनी किक मारली. एकच. आणि तो आवाज आला, मोकळा, गोल, कुठं खरखर नाही, कुठं अडखळणं नाही. सरळ सांगतो, माझे डोळे भरले. दोस्त म्हणतो धूर गेला. म्हणू दे.

त्या आवाजापुढं माझी सगळी रीत पातळ झाली. वीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते मी केलं, मालकासमोर खरं बोललो.

"चाचा, मी खोटं बोललो. रंग सोन्यासारखा होता. सीट चांगली होती. सायलेन्सर तर देवाघरचे होते. चेसी इतकी सरळ हाय की तिला बघून रूळ टाकावेत. आणि असं इंजिन मी जल्मात ऐकलं न्हाय. हिरवी तर हिरवी, झालर तर झालर, आहे तशी द्या मला. मी माझी गाडी इकून आलोय."

चाचांनी गाडी बंद केली. पलीकडचे माग पुन्हा सुरू झाले होते, त्यामुळं ते जरा जवळ आले.

"म्हंजे गाडीत खोट कायच नव्हती?"

"कायच न्हाय!"

"चाळीस वर्षं मी बसलो त्या गाडीवर. तुमचं ऐकून वाटलं, आपल्याला कळलंच न्हाय, घरात धोका घिऊन बसलोय. म्हणून इकत होतो." त्यांनी किल्ली काढली. "एवढी चांगली हाय म्हणताय?"

"जिल्ह्यात अशी दुसरी न्हाय, चाचा!"

"मग इकायची न्हाय," चाचा म्हणाले.