नऊ बायकांचे अंगठे

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. वनहक्क समितीच्या रजिस्टरात त्या वर्षी नऊ बायकांचे जे अंगठे उमटले, ते सगळे माझे होते. आधी दोन्ही हातांचे लावले. एकसारखे दिसतील म्हणून मग बोटं वापरली, आणि शेवटच्या दोघींसाठी पायाचा अंगठा. पाय शाईच्या पॅडवर टेकवताना मला हसू आलं होतं, हेही लिहून ठेवतो.

समितीचा सचिव मीच. आमचं गाव जंगलाला लागून. धान घरात आलं की गावातल्या बायका पिकअपमध्ये बसून तेलंगणात मिरची तोडायला जातात. दोन-अडीच महिने तिकडंच, शेताच्या बांधावर ताडपत्रीखाली. माझी बायकोही जायची. नेमका त्याच दिवसांत तालुक्यावरून निरोप आला की जमिनीचे दावे महिना संपायच्या आत मंजूर करून पाठवा. अशा सभेला ठराविक संख्येनं बायका हजर लागतात, नाहीतर ठराव चालत नाही. गावात उरल्या होत्या म्हाताऱ्या आणि बाळंतिणी.

आमच्याकडे एक जुनी सवय होती. सभेला माणसं कमी पडली की रजिस्टर मागाहून घरोघरी फिरवायचं आणि अंगठे घ्यायचे. मी म्हटलं, परत आल्या की लावतीलच, मग आधीच लावले तर काय बिघडलं?

बिघडलं ते एकीचं. ती विधवा. जंगलाच्या कडेचा एक तुकडा तिनं नवऱ्याबरोबर खपून साफ केला होता. तो गेल्यावर एकटी धान पिकवायची, आणि धान निघालं की मिरचीला जायची. तिच्या दिरानं सभेत सांगितलं की वहिनी आता बाहेरच राहते, जमीन मीच पाहतो, पट्टा माझ्या नावानं करा. दहा मिनिटांत ठराव झाला. माझा धाकटा भाऊ दहा वर्षं चंद्रपुरात नोकरीला आहे. त्याचं नाव गावातून काढा असं कधी कोणी म्हटलं नाही. पोटासाठी अडीच महिने गेलेली बाई मात्र ‘बाहेरची’ झाली, आणि मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. खाली तिच्या नावासमोर तिचा म्हणून माझा डावा अंगठा.

बायका होळीनंतर परतल्या. बायको घरात शिरली तर तिच्या लुगड्यातल्या तिखटानं मला ठसका लागला. तळहात लाल, सोललेले. चहा पिता पिता तिनं सांगितलं की त्या विधवेनं, चौथी शिकलेल्या त्या बाईनं, दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना सही शिकवली. बारदान्यावर कोळशानं गिरवून. मी ‘बरं’ म्हणालो आणि गायीला पाणी दाखवायला गेलो. त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पुढच्या सभेत मागचे ठराव वाचले गेले. विधवेच्या जमिनीचा ठराव आला तशी ती उठली. दीर म्हणाला, “अंगठा तुहाच हाय न वहिनी? आल्यावर लावला असशीन. आता काऊन इसरून राह्यली?”

ती सरळ माझ्यासमोर आली. “भाऊ, रजिस्टर दाखवा.”

मी दाखवलं. तिनं सावकाश पाहिलं, मग सभेकडे वळली. “मिरचीहून आल्यापासून आमी नऊ जनींनी कुठीच अंगठा लावला नाई. अंगणवाडीच्या बाईले इचारा. सही येते आमाले.”

अंगणवाडीच्या बाई मागं बसल्या होत्या. म्हणाल्या, खरं आहे, माझ्या रजिस्टरात नऊच्या नऊ सह्या आहेत, एकीची तर ओळ सोडून वर चढली आहे. एक म्हातारा ओरडला, “तेलुगूत करते का सही?” ती म्हणाली, “तेलुगूतबी करीन मामा, पन वाचनार कोन? तुमी?” सभा हसली. त्या हसण्यानं वारं फिरलं.

मग एकेक बाई येऊन कोऱ्या पानावर सही करू लागली. माझी बायको शेवटी आली. सवयीनं मी पॅड उघडून तिच्यापुढं सरकवलं.

“ते झाका,” ती म्हणाली. “शाई सुकून राह्यली.”

तिला वेळ लागला. जोडाक्षरापाशी थांबली, पुन्हा लिहू लागली. सगळी सभा वाट पाहत होती. मी तिचं नाव तिच्या हातानं लिहिलेलं पहिल्यांदा पाहिलं.

ठराव रद्द झाला. तालुक्याला दुरुस्त दावा त्या बाईच्या नावानं गेला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी पट्टा आला. त्या वर्षी तिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला नऊही जणी उतरल्या, मजुरीशिवाय. चिखलातून त्यांची गाणी रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. त्याच सभेत त्यांनी नियम सांगितला आणि मी लिहिला: बायका मिरचीला गेलेल्या असताना जमिनीचा निर्णय होणार नाही, रजिस्टर घरोघरी फिरणार नाही. आता दरवर्षी पिकअप निघण्याआधी माझ्या दारात थांबते. बायका गाडीतूनच विचारतात, सभा कधी ठेवली? मी सांगतो, तुम्ही आल्यावर.

पण त्या दिवशी मी कागदावर ‘चुकीने लागलेले ठसे रद्द’ एवढंच लिहिलं. रजिस्टर घरोघरी फिरलं तेव्हा ते दिरानंच लावले असं सगळ्यांनी धरलं. तो नाही नाही म्हणत राहिला. त्यानं जमीन मागितली होती, अंगठे लावले नव्हते. आता तो सभेला येत नाही.

मी त्या विधवेचा गुन्हेगार आहे, आणि त्याचाही. आधी घरात बायकोला आणि मग भर सभेत त्या दोघांसमोर खरं सांगणं, एवढं माझ्याकडून राहिलं आहे.