तोंडं बघणारी उजी

उजीच्या नवऱ्याचा, प्रकाशभाऊजींचा फोन आला तेव्हा शिरूरच्या माझ्या दवाखान्यात खुर्चीवर पेशंट होता. हातात हातमोजे होते म्हणून असिस्टंटनं फोन माझ्या कानाशी धरला. "ताई, उजी गेली," एवढंच ते म्हणाले. दाढेतलं काम अर्ध्यावर सोडता येत नाही. ते मी पूर्ण केलं आणि न्हावऱ्याला गेले. पांढऱ्या साडीत उजी निजली होती. तिच्या शाळेतल्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्रिशरण सुरू झालं तेव्हा माझी नजर तिच्या मिटलेल्या ओठांवरून हलेना... तिचं तोंड इतकं गप्प मी कधी पाहिलंच नव्हतं.

उज्ज्वला आणि मी दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत लावून वाढलो. नाकावर ओंजळ धरून ती स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात गाड्या जाहीर करायची आणि तिची आई घरातून ओरडायची, "उजे, तुझी गाडी कवा सुटायची?" पुढं मी दातांची डॉक्टर झाले, ती न्हावऱ्याच्या शाळेत शिक्षिका. "तू लोकांची तोंडं उघड, मी पोरांची बंद करते," असं ती म्हणायची. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं शिरूरला यायची, माझ्या टेबलावर डबा उघडायची, आणि पेशंट बाहेर खोळंबले तरी तिची गोष्ट संपायची नाही.

अशाच एका शनिवारी ती थेट खुर्चीत जाऊन बसली. "नंदे, भाच्याचं लग्न हाय. फोटोत दात चमकले पायजेत. आन् ब्रश केला का रक्त येतंय, तेबी बघ." मी दिवा ओढला. हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या, स्पंजासारख्या, काळपट लाल. गालाची आतली बाजू मात्र पांढुरकी पडलेली. एवढी सूज यावी असं दातांवर काही साचलेलंही नव्हतं. तिच्या दंडावर निळा डाग दिसला. तो कशानं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाकावर आदळला असंन." मी हातातलं अवजार खाली ठेवलं.

"उजे, दात आज नको. आधी रक्त तपासू."

"दात साफ करायला आले मी. रक्त कशाला?"

"तुझ्या हिरड्या जे दाखवतायत, ते दातांचं दुखणं नाही."

ती उठून बसली. "मोठं हाय का?"

"तपासू तर दे."

"तुला खोटं बोलता येत न्हाई, नंदे. चौथीतबी येत नव्हतं."

संध्याकाळी रिपोर्ट आला. रक्ताचा कॅन्सर. कॉलेजात शिकवलेलं असतं की शरीरातला आजार कधीकधी आधी तोंडात दिसतो. साखर वाढली की हिरड्या पिकतात, दात हलतात. रक्त कमी झालं की जीभ गुळगुळीत होते. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. उजीच्या तोंडात ते वाचावं लागेल असं कधी मनात आलं नव्हतं.

पुण्याच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. औषधांनी तिचं तोंड आतून सोलून निघालं. रक्ताचं मोठे डॉक्टर बघत होते, तिथं माझं काही काम नव्हतं. तोंड तेवढं माझं. सोड्याच्या पाण्याच्या चुळा, ओला कापूस, जिभेवर बर्फाचा तुकडा... तिला बोलता येत नसे. मी निघाले की ती नाकावर ओंजळ धरायची, आणि मला न ऐकू येणारी गाडी जाहीर करायची. जखमा भरल्यावर तिनं उच्चारलेला पहिला शब्द होता, "मिसळ."

ती बरी होऊन शाळेत परतली, आणि तिला नवीनच नाद लागला. दिसेल त्याचं तोंड बघायचा. एसटीचा कंडक्टर, दूधवाला, पालकसभेला आलेल्या आया... कुणालाही ती सोडेना. "आ करा. जीभ बाहेर." आणि मग मला फोन. "नंदे, एक पाठवते. जीभ पार गुळगुळीत हाय." बहुतेकदा काही निघायचं नाही आणि मी तिला झापायची. पण कंडक्टरच्या सुजलेल्या हिरड्या बघून मी तपासायला लावलं तर साखर भलतीच वाढलेली. उजीनं महिनाभर ती बढाई पुरवली.

मग एका सकाळी फोन आला. आवाज बारीक होता. "आज आरशात माझंच बघितलं."

"ये. मी बघते."

"येते. पर आधी चहा घिऊ. मग बघ."

आम्ही चहा घेतला. दौंडच्या आठवणी काढून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग ती आपणहून खुर्चीत बसली आणि तोंड उघडलं. मी तिच्या हिरड्या बघत होते, ती माझा चेहरा.

"व्हय ना?"

"हो," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मी तिला धीर द्यायला हवा होता... दिला तिनं मला. पुन्हा उपचार झाले, पण या खेपेला रक्तानं दाद दिली नाही. शेवटचे दिवस तिला घरीच काढायचे होते. तसेच काढले.

परवा न्हावऱ्याहून एक मावशी आली. शाळेत खिचडी शिजवते म्हणाली. "बाईंनी लई बजावलं व्हतं, जीभ दाखवून ये. काळी दिसतीय म्हनल्या. म्या टाळत ऱ्हायले. आता त्या न्हाईत, तर वाटलं, जाऊन यावं."

मी दिवा ओढला. जीभ अगदी स्वच्छ, गुलाबी. एक दाढ किडलेली, बाकी काही नाही.

"काळी कवा दिसली होती, मावशी?"

ती ओशाळली. "शाळंमागल्या झाडाची जांभळं खाल्ली व्हती त्या दिवशी. बाई इतक्या घाबऱ्या झाल्या, मला सांगायचा धीरच झाला न्हाई."

मला हसू फुटलं. मावशीनंही पदर तोंडाला लावला. आम्ही दोघी खूप हसलो, आणि मग एकदम थांबलो.

"त्यांना सांगायचंच राह्यलं बघा," ती म्हणाली.

तिची दाढ भरली. ती गेल्यावर मी रिकाम्या खुर्चीवरचा दिवा बराच वेळ तसाच चालू ठेवला...