सबिहाने राखलेलं वेटोळं

सबिहाच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरत नव्हता. कसा उतरेल? इंटरनेटच्या काचेच्या तारा जोडायचं काम ती ठेकेदार गोरक्षभाऊंच्या हाताखाली शिकली होती आणि आज ते पहिल्यांदाच नुसते बघत उभे राहणार होते. "पहिल्या झटक्यात नेट चालू झालं, तर जोडायची मशीन तुज्या ताब्यात. फुडची गावं तू एकटीनं करायची," असं त्यांनी श्रीरामपूरहून निघतानाच सांगितलं होतं.

'पोरीची जात, खांबावर कोण चढवणार हिला,' म्हणणारे नातेवाईक आज इथे हवे होते. खांबावरून केबल उतरवून ती थेट ग्रामपंचायतीच्या कचेरीत घेऊन आली होती. केबल दोरखंडासारखी खेचू नका, कोपऱ्यावर मुडपू नका, असं सांगून सांगून तिने गड्यांचे कान किटवले. आत भिंतीवर केबलचं ऐसपैस वेटोळंही राखलं.

"एवढी कशाला? केबल काय फुकट येती व्हय?" गोरक्षभाऊ करवादले. तिने हसून वेटोळं खिळ्यावर नीट बसवलं.

मग तिने फोन करून श्रीरामपूरच्या केंद्रातून तारांत सोडलेला उजेड बंद करून घेतला. नेट वाहून आणणारा हा उजेड दिसत नाही, पण डोळा अधू करू शकतो. केबल सोलून तिने केसासारख्या तारा पुसल्या, काळ्या कापडावर मांडल्या आणि मशीन आणायला गाडीकडे गेली.

गोरक्षभाऊ बाहेर गड्यांशी बोलत होते, तेवढ्यात सरपंच रतनबाई ताट घेऊन आल्या. गावात ट्रॅक्टर येवो की बोअरची मोटर, हळदीकुंकवाशिवाय त्या कशालाही हात लावू देत नसत. मग नेटनेच काय घोडं मारलं होतं? त्यांनी उघड्या तारांवरच बोट टेकवलं. तारा कटाकट तुटल्या.

सबिहा दारातच थबकली. हाताशी आलेली मशीन आता काही मिळत नव्हती. पण दुसऱ्याच क्षणी तिला रतनबाईंचे अनवाणी पाय दिसले.

"मावशी, हलू नका. डोळ्याला हात लावू नका. काच आहे ती."

"अगं, म्या निस्तं कुंकू लावलं. दारात लक्षुमी आली, तिला तशीच कशी घ्यायची?"

सबिहाने बॅटरी तिरपी धरून फरशी न्याहाळली, चिकटपट्टीने एकेक तुकडा टिपला आणि बाटलीत बंद केला. रतनबाईंच्या बोटात रुतलेलं काचेचं कुसळ चिमट्याने काढलं.

"आता केबल पुरंल का?" गोरक्षभाऊंनी आत येत विचारलं.

तिने भिंतीवरच्या वेटोळ्याकडे बोट दाखवलं. खराब टोक कापलं, वेटोळ्यातून केबल ओढून घेतली, पुन्हा सोलली, पुसली. मशीनच्या पडद्यावर केबलमधल्या तारेचं आणि कचेरीतल्या नेटच्या यंत्राच्या तारेचं, अशी दोन टोकं समोरासमोर आली, बारीक ठिणगी पडली आणि दोघांची एक तार झाली. सगळ्या तारा जोडून तिने त्या भिंतीवरच्या डबीत बसवल्या, डबी मिटली आणि उजेड सोडायला श्रीरामपूरला फोन केला. डबीशेजारच्या यंत्रावरचा दिवा लुकलुकला आणि हिरवागार होऊन थांबला. सबिहाला नाचावंसं वाटलं.

रतनबाई अजून ताट घेऊन भिंतीशीच उभ्या होत्या. "आता तरी लावू का? का नगंच?"

"लावा की मावशी. पण बंद डबीला."

डबीला कुंकू लावून त्या मशीनकडे वळल्या. "आन् ही कुनाची? मालकाला इचारल्याबिगर न्हाई लावायची मी."

सबिहाने गोरक्षभाऊंकडे पाहिलं. पहिला झटका तर हुकला होता. ते भिंतीवर उरलेलं वेटोळं बघत होते.

"तिलाच इचारा," ते म्हणाले.

सबिहाने मशीनचं झाकण घट्ट लावलं आणि ती रतनबाईंच्या पुढे धरली.