दस्तगीरचाचा आणि कच्चा टाका

दर सोमवारी दस्तगीरचाचा आमच्या नगरपालिकेच्या कचेरीत यायचे, ते गळ्यात मापाची टेप तशीच लोंबकळत ठेवून. आधी फलकासमोर उभे राहून प्रत्येक सूचना मोठ्यानं वाचायचे, मग माझ्या टेबलावर अर्ज ठेवून म्हणायचे, "पोच द्या की, पावणं." मी आवक-जावक सांभाळणारा कारकून. शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय हा माणूस जागचा हलायचा नाही. सुरुवातीला मला त्यांचा भयंकर वैताग यायचा, हे कबूल करतो.

चाचा शिंपी, दुकान कचेरीसमोरच. शहरासाठी नवा नियम करायचा तर आधी त्याचा मसुदा फलकावर लावून तीस दिवसांत लोकांच्या हरकती व सूचना मागवायची पद्धत होती. ती मनावर घेणारा सबंध पेठेत हा एकच गृहस्थ. "मसुदा म्हंजी कच्चा टाका," ते सांगायचे. "आत्ता बोललासा तर उसवतोय. शिवण पक्की झाली की मग कापडच फाटतंय."

एकदा मसुदा लागला : रहदारीस अडथळा होतो, सबब रस्त्यावर म्हशी आणण्यास मनाई. म्हणजे संध्याकाळी रस्त्याकडेच्या दूधकट्ट्यावर म्हैस आणून गिऱ्हाइकासमोर धार काढायची आमची रीतच बंद! चाचांच्या शेजारच्या गौराक्काचं घर दोन म्हशींवर चालायचं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आमचं कोण ऐकतंय, चाचा?"

"आदी सांगून तर बग की! सांगितलंच न्हाई तर ऐकत्यात काय, कप्पाळ?"

हरकतींची सुनावणी ठेवली ती नेमकी संध्याकाळी पाचला, धारेच्या वेळेला. म्हशी थोड्याच थांबतात? पाचाच्या ठोक्याला गौराक्कासकट सगळे गवळी म्हशी घेऊनच आवारात हजर. आमचे साहेब लालबुंद होऊन खाली आले. चाचांनी शांतपणे अर्ज पुढं केला.

"सायेब, रस्ता मापलाय. सत्तावीस फूट. म्हस कडंला लावली तर अडीच फूट. माप घेतल्याबिगर मी चड्डी शिवत न्हाई, तुमी नियम शिवतासा व्हय?"

साहेबांना हसू आवरेना. तसे चाचा म्हणाले, "नुसती हरकत म्हंजी भांडाण. म्हणून सूचना बी लिवलीया. म्हशी एका कडंला, आन् शेण ज्याचं त्यानं उचलायचं."

तेवढ्यात गौराक्कानं साहेबांपुढं फेसाळ दुधाचा पेला धरला. साहेब कचरले. "घ्या की," चाचा म्हणाले, "लाच न्हवं, पुरावा हाय!"

पक्का नियम लागला, त्यात चाचांची शेणाची ओळ जशीच्या तशी होती. त्यांनी टेपनं तिची लांबी मोजली आणि पेठभर पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

काही वर्षांनी चाचा वारले, तेव्हा मला कळलं की सोमवारची मी वाट बघायचो. पुढं महिनाभरात तोच कट्टा गावाबाहेर हलवायचा मसुदा लागला. आता हा कागद कोण वाचणार, या विचारानं मन खट्टू झालं. दुसऱ्याच दिवशी गौराक्का टेबलाशी उभी. हातात अर्ज, खाली नव्यानं गिरवलेली वाकडीतिकडी सही. सवयीनं मी कागद बाजूला ठेवायला गेलो, तशी ती कडाडली,

"पोच द्या की, पावणं!"

माझे डोळे इतके भरून आले की पहिला शिक्का टेबलावरच पडला.