सगळ्यांना कळेल असं

बोटीवर माझ्या शेजारच्या केबिनमध्ये एक बल्गेरियन फिटर होता, डोंगरातल्या गावचा. तो आईशी फोनवर बोलायला लागला की त्याच्याच देशाचा चीफ इंजिनियर मेसमध्ये त्याच्या नकला करायचा. "आमचे शब्द फार जुने, शहरात हसतात," असं त्यानं मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आई गेली की आपल्याशी असं बोलणारं कुणी उरणार नाही म्हणाला आणि डोळे पुसले. मी छाती फुगवून म्हटलं, "आमच्या डोंगरात आम्ही देवाशीसुद्धा आमच्याच बोलीत बोलतो. कुणाची टाप आहे हसायची!"

तोंडघशी पडलो.

शिमग्याला रजेवर आलो. आमचं गाव सावर्ड्याहून बरंच आत, सह्याद्रीच्या पायथ्याला. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली की गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या थोरल्या काकांचा. सगळ्या गावासाठी ते देवाशी बोलणार, आणि आम्ही दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणार. काकांकडे मिरवण्यासारखं आयुष्यात तेवढंच. एरवी गुडघे धरून बसलेला माणूस त्या दिवशी ताठ उभा राहायचा.

यंदाही नारळ हातात घेऊन त्यांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज ही जी काय तुजी पोरां येका जाग्याव जमलीत..." तोच गावच्या मंडळाचा एक मुंबईकर पुढे आला. "काका, थांबा जरा. लाइव्ह चालू आहे, बाहेरची माणसं बघतायत. सगळ्यांना कळेल असं बोलूया." आणि माइक दिला एका गोड आवाजाच्या पाहुण्याला. तो म्हणाला, "हे ग्रामदैवता, आम्हा सर्वांना सुख, शांती व समृद्धी लाभो." कुठे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं ते कुणालाच कळेना, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवासमोर टाळ्या!

"मेल्यांनो, देव काय पुण्याहून आलाय?" मी ओरडलो. "तू गप रे, तू बोटीवरचा," म्हणून मलाच मागे ओढलं. काकांनी नारळ तिथल्याच एका पोराच्या हातात दिला आणि ते गर्दीतून बाहेर पडले. एकानंही त्यांना थांबवलं नाही. थू त्या मंडळावर!

आठवड्यानं मी परत निघालो. मी बोटीवर निघालो की काका दर वेळी अंगणात उभे राहून माझ्यापुरतं गाऱ्हाणं घालतात, "माजा पोर पान्याव चाल्लाय, त्येला सांबाळ रं म्हाराजा." दर्यावर वादळात मला तेवढाच आधार असतो. बॅग खाली ठेवून मी हात जोडले. काकांनी डोळे मिटले. ओठ हलले, पण आवाज नाही.

"काका, मोट्यान घाल की," मी म्हटलं.

त्यांनी घसा खाकरला. शाळेत मास्तरांपुढे उभं राहावं तसे हात सरळ सोडले आणि एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाले, "तुमचा प्रवास सुखाचा होवो."

ज्यांनी मला खांद्यावर बसवून पालखी दाखवली, ते माझे काका मला 'तुमचा' म्हणाले.