बाई, तुम्ही हरवलात तर?

आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंना सगळी शाळा मोजणीबाई म्हणायची, आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्या पोरं मोजायच्या ती डोक्यावर हात ठेवून. बोट दाखवून मोजलेलं पोर निसटतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमची थोराड मुलंसुद्धा बाई जवळ आल्या की आपसूक मान खाली घालायची. मी संगीताचा मास्तर, पण एका सहलीत माझ्या टकलावरही हात पडला होता.

बाईंच्या आयुष्यात काहीतरी घडलं असणार, उगाच कुणी एवढं धास्तावत नाही, असं लोक म्हणायचे. काही घडलेलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत शेजारी बसून मी वर्षानुवर्षं त्यांच्या डब्यातलं खाल्लंय, मला माहीत आहे. स्वभावाला औषध नाही, एवढंच. खुर्चीवर बसल्या तरी पाठ टेकायच्या नाहीत. गॅस बंद केला का ते बघायला फाटकापासून परत घरात जायच्या. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तर तिला उठल्यासुटल्या फोन. शेवटी ती म्हणाली, "आई, मी पोचले, जेवले, झोपले. आता मला मोजणं बंद कर." मला हे सांगताना बाई हसल्या खऱ्या, पण त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला.

अशा बाईंसमोर मुख्याध्यापकांनी परदेशाचं आमंत्रण वाचून दाखवलं. देशोदेशीच्या शाळा एकत्र येऊन गाणार होत्या आणि आमच्या गानवृंदाला बोलावलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनी विचारलं, "तिथं मेट्रोची दारं आपोआप बंद होतात का?"

"बाई, पोरं गायला चाललीत, लढाईवर नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"म्हणूनच विचारते. गाणारं पोर कुठं बघून चालतं?"

पोरांसोबत आम्ही दोघं जाणार असं ठरलं. पालकांच्या सभेत मिरचीची आई उभी राहिली. मिरची म्हणजे गानवृंदातली सगळ्यांत लहान पोर. आवाज गोड आणि जीभ तिखट. आई दवाखान्यात नर्स, गणवेशातच आली होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही आहात म्हणून पाठवते. नाहीतर पाठवली नसती."

झालं! त्या एका वाक्यानं बाईंचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्हरांड्यात बाकं मांडून मेट्रोचा डबा केला. शिपाईकाका दार. ते शिट्टी मारून हात आडवे करायचे, त्याआधी सगळ्यांनी चढायचं. मला काय काम दिलं असेल? मी भुलवणारा अनोळखी माणूस. "चल बाळ, तुझ्या बाई तिकडं आहेत," असं मी मिरचीला म्हणालो, तर ती "चोर, चोर!" अशी किंचाळली की शेजारच्या वर्गातला तास बंद पडला. बाई खूश. माझे रियाजाचे तास त्या कवायतीत गेले, सूर राहिले बाजूला आणि मी मनातून धुमसत होतो.

पण त्यांचा मुख्य नियम साधा होता. "ज्याची चुकामूक झाली, त्यानं जागचं हलायचं नाही. बाकीच्यांनी मागं फिरायचं आणि त्याला घ्यायचं. दोघंही शोधत फिरले की कुणीच सापडत नाही. कळलं?"

मिरचीनं हात वर केला. "बाई, तुम्ही हरवलात तर?"

"मी कशाला हरवतेय? मी हरवले तर तुम्हाला मोजणार कोण?"

पोरं हसली. मीही हसलो.

परदेशात पोचलो आणि बाईंचं चित्त क्षणभर थाऱ्यावर राहिलं नाही. हॉटेलच्या जिन्यावर मोजणी, रस्ता ओलांडला की मोजणी. खिसेकापूंच्या भीतीनं त्यांनी सगळ्यांचे फोन, स्वतःचासुद्धा, एका थैलीत घातले आणि ती थैली माझ्या गळ्यात अडकवली. "तुमच्या पोटावरून कुणी ओढून नेणार नाही," म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दुपारी मेट्रोनं निघालो. फलाटावर ही गर्दी! मी पुढं, पोरं मध्ये, बाई शेवटी. सगळी पोरं चढली. तेवढ्यात कुणाची तरी पाण्याची बाटली फलाटावर घरंगळली. बाई ती उचलायला वाकल्या आणि दार बंद झालं. शिट्टी नाही, शिपाईकाका नाहीत, काही नाही. काचेपलीकडं बाई, हातात बाटली, तोंड उघडं. गाडी सुटली.

घाईघाईनं फोन काढून बाईंना लावला, तर तो माझ्याच गळ्यात वाजायला लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एक मुलगा हुंदके द्यायला लागला, त्याचं बघून आणखी दोघं. पुढच्या स्टेशनावर मी सगळ्यांना उतरवलं.

"इथंच थांबायचं," मी म्हणालो. "बाई मागच्या गाडीनं येतील."

"नाही येणार," मिरची म्हणाली. "सर, आपण मागं जायचं. हरवलेला हलत नाही."

"अगं, आपण हरवलोय!"

"आपण सगळे आहोत. बाई एकट्या आहेत. बाई हरवल्यात."

"तुझ्या बाई कधी एका जागी उभ्या राहिल्यात का? त्या धावत येतील. आपण तिकडं गेलो आणि त्या इकडं आल्या, म्हणजे?"

मिरची नुसती नाही-नाही अशी मान हलवत राहिली. मागची गाडी आली. दारं उघडली, माणसं उतरली, बाई नाहीत. मी स्वतःला सांगितलं, गर्दीत चढता आलं नसेल. आणखी एक आली. त्यातही नाहीत. तिसरी आली, त्यातही नाहीत. भाषा येत नाही, जवळ फोन नाही, अशी बाई कुठं भटकत असेल? मिरचीनं माझी बाही ओढली. मी हार मानली आणि उलट्या दिशेची गाडी धरली.

मागच्या स्टेशनावर दार उघडलं. दोन्ही दिशांना फलाट एकच, बाई समोरच होत्या. फलाटावरच्या खांबाला एका हातानं घट्ट धरून त्याच जागी उभ्या होत्या. दुसऱ्या हातात बाटली तशीच. चेहरा पांढराफटक. माणसं त्यांना धक्के मारून जात होती आणि जी बाई जन्मात कधी खुर्चीला टेकली नाही, ती तसूभर हलत नव्हती.

"प्रत्येक गाडीला पाय उचलत होता, सर," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पोरांना शिकवलंय आपण. ती येतील. नाही आली तर मी काय शिकवलं?"

पोरं न सांगता रांगेत उभी राहिली आणि माना खाली घातल्या. बाई एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत निघाल्या. मध्येच आकडा चुकला. परत सुरुवात केली, परत चुकला. मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी गळ्यातली थैली उगाच सारखी करत होतो.

"बाई," मिरची म्हणाली, "खाली वाका."

बाई वाकल्या. मिरचीनं टाचा उंचावून त्यांच्या विस्कटलेल्या केसांवर हात ठेवला आणि मोठ्यानं सांगितलं, "सर, आता सगळे आहेत. चला."